७२ चं ३०० केलं, सीएमवायकेही केलं, तरी पोस्टर असं का छापून आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ए३ आकाराचं पोस्टर केलंत. पानभर मोबाइलवर काढलेला फोटो, खाली गर्द निळी पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं, आणि फोटोतल्या फिक्या आभाळावर बारीक काळा मजकूर. फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला, १२०० बाय १६०० पिक्सेलचा. प्रेसवाल्यांनी सांगितलं, "फाइल ३०० डीपीआय आणि सीएमवायके करून द्या." तुम्ही इमेज साइझमध्ये ७२ खोडून ३०० लिहिलं, कलर मोड आरजीबीवरून (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायकेवर (छपाईच्या चार शाया: आकाशी सायन, गुलाबी मॅजेन्टा, पिवळा, काळा) नेला आणि फाइल पाठवली. ऑफसेटवर (प्लेटवरून शाई उतरवणाऱ्या मशीनवर) छापून आलं तेव्हा फोटो फुटलेला, निळा जांभळट, आणि काळ्या अक्षरांच्या कडांना रंगीत सावली. आता तुम्ही विचारताय, कुठलं सेटिंग राहून गेलं?

सेटिंग कुठलंच राहिलेलं नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत. त्यातली तिसरी, म्हणजे काळी अक्षरं, तर सांगितलेली दुरुस्ती केल्यामुळेच बिघडली. मी प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी फाइली तयार करण्याच्या खात्यात, बरीच वर्षं काम करते आणि अशा फाइली आठवड्याला येतात. चूक प्रत्येक वेळी माणसाची नसते. "३०० आणि सीएमवायके" हे वाक्य इतक्या घाईत सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला तो स्विच वाटतो.

आधी फोटो घेऊ. पिक्सेलला स्वतःची लांबी-रुंदी नसते. तुमचा फोटो म्हणजे १२०० उभ्या आणि १६०० आडव्या ओळींत मांडलेली रंगांची यादी, बस. ती यादी किती इंचांत पसरायची, हे आपण पानावर ठेवतो तेव्हा ठरतं. फाइलमध्ये लिहिलेला ७२ हा आकडा म्हणजे "मला एवढ्या इंचांत पसरा" अशी सोबत जोडलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर ७२ असेल तर तो फोटो साधारण १७ बाय २२ इंचांचा आणि ३०० लिहिलं तर ४ बाय सव्वापाच इंचांचा. यादीतला एकही रंग वाढला नाही की घटला नाही.

आता तुमच्या पोस्टरचा हिशोब करू. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) धरलं तर ३०३ बाय ४२६. उंची ४२६ मिलिमीटर, म्हणजे २५.४ ने भागून १६.७७ इंच. फोटोचे उंचीतले १६०० पिक्सेल या इंचांनी भागले की येतात इंचाला ९५. हे तुमच्या फोटोचं खरं रिझोल्यूशन. फाइलच्या चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, छापताना हाच आकडा लागू होतो. डीटीपीच्या (पान लावायच्या) सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर क्लिक केल्यावर 'इफेक्टिव्ह पीपीआय' (इंचाला पिक्सेल) म्हणून तो दिसतो. फाइल उघडली की माझी नजर सगळ्यात आधी तिथे जाते.

इमेज साइझच्या खिडकीत 'रीसॅम्पल'ची चौकट टिक केलेली असेल, तर ३०० लिहिल्यावर सॉफ्टवेअर खरंच पिक्सेल वाढवतं. पण आणतं कुठून? आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी काढून. ९५ वरून ३०० म्हणजे दोन्ही दिशांना तिपटीहून थोडं जास्त, म्हणजे एकूण पिक्सेल जवळजवळ दहापट. दर दहांतले नऊ पिक्सेल अंदाजाने भरलेले. तपशील तेवढाच राहतो, फक्त तो जास्त जागेवर पातळ होतो. नवी सॉफ्टवेअर हा अंदाज हुशारीने करतात, कडा चांगल्या सांभाळतात, आणि अडचणीच्या वेळी मीही ती वापरते. पण चेहरा असेल तर जपून, कारण माणसाचे डोळे आणि दात अंदाजाने भरलेले लगेच कळतात.

तुमच्या फोटोत आणखी एक भर पडली आहे. मेसेजिंग अ‍ॅप फोटो पाठवताना तो लहान करतं आणि वर जेपेग घट्ट दाबतं. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन वेगळा दाबतं. इंचाला ९५ पिक्सेलांनी असा एक चौकोन कागदावर जवळजवळ २ मिलिमीटरचा होतो. तुमच्या पोस्टरच्या आभाळाकडे जवळून बघा. सपाट निळ्या भागात फरशीसारखे चौकोन दिसतील, आणि झाडाच्या किंवा छपराच्या कडेला बारीक किडे वळवळल्यासारखी घाण. मशीनने ती आणलेली नाही, ती फोटोबरोबरच आली.

मग ३०० हा आकडा आला कुठून? ऑफसेटमध्ये प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते, आणि प्लेट फिकी शाई लावू शकत नाही. एखाद्या जागी शाई लागते किंवा लागत नाही. फिका रंग दाखवायचा तर शाईचे ठिपके बारीक करायचे, गडद दाखवायचा तर मोठे. लांबून डोळा ते एकत्र करून घेतो. या ठिपक्यांच्या ओळी इंचाला किती, त्याला स्क्रीन किंवा एलपीआय म्हणतात. आर्ट पेपरवर १५० किंवा १७५, वर्तमानपत्राच्या कागदावर ८५ ते १०० च्या आसपास. ठिपक्याच्या प्रत्येक ओळीसाठी फोटोत दीड ते दोन पिक्सेल असले की पुरतात. १५० च्या स्क्रीनला दोनाने गुणलं की ३००. दीडने गुणलं तर २२५. म्हणून २४० चा फोटो आला तर मी परत पाठवत नाही. १८० चा आला तर त्यात काय आहे ते बघते. धुकं, पाणी, माती असेल तर चालून जातं, कापडाची वीण किंवा बारीक पाट्या असतील तर नाही.

इथे शब्दांचा घोळ सोडवून टाकते. फोटोचं माप पीपीआय, छपाईच्या ठिपक्यांच्या ओळी एलपीआय, आणि प्लेट काढणारं मशीन इंचाला किती बिंदू टाकतं ते डीपीआय. प्लेटचं मशीन २४०० चं असेल आणि स्क्रीन १५० ची, तर प्रत्येक छपाईच्या ठिपक्याच्या वाट्याला १६ बाय १६ बिंदूंची जाळी येते. त्यातले किती भरायचे यावरून २५६ पायऱ्यांपर्यंत छटा मिळतात. आमच्याकडे बोलताना तिन्हींना सर्रास डीपीआयच म्हणतात. प्रेसवाल्यांनी डीपीआय म्हटलं तरी त्यांना तुमच्याकडून फोटोचे पीपीआय हवे असतात, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी बाजू अंतराची. चांगली नजर साधारण एक आर्कमिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन वेगळा ओळखते. हातात धरलेल्या कागदावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर, हे सुमारे ०.०९ मिलिमीटर होतं, म्हणजे इंचाला २९० च्या आसपास. तेच ३ मीटरवरून २९. त्यामुळे मोठ्या फलकाला कुणी ३०० मागितले तर ती फाइल उगाच जड होते. तुमचं पोस्टर भिंतीवर लावून दीड मीटरवरून पाहिलंत, तर हाच फोटो बराच सुसह्य वाटेल. पण खाली बारीक मजकूर आहे, आणि तो वाचायला माणूस जवळ येणारच. त्यामुळे फोटोही जवळून बघितला जाणार हे धरूनच चाला.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ३००० बाय ४००० पिक्सेल देतो. ४००० भागिले १६.७७, म्हणजे २३८. तुमच्या पोस्टरला हे पुरेसं आहे. त्याच अ‍ॅपवरून पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो जसाच्या तसा येतो. मिळालेल्या फाइलचे पिक्सेल मोजून मगच कामाला लागा.

आता निळा. स्क्रीन प्रकाश टाकते, कागदावरची शाई प्रकाश खाते. तुम्ही स्क्रीनवर निवडलेला निळा बहुधा आरजीबीतला अगदी भडक, ०-०-२५५ च्या जवळचा असणार. एवढा उजळ निळा सायन आणि मॅजेन्टा एकमेकांवर छापून तयारच होत नाही. सॉफ्टवेअरला तो कशात तरी बसवायचा असतो, म्हणून ते सायन ८८, मॅजेन्टा ७७ असं काहीतरी देतं. हे आकडे प्रोफाइलप्रमाणे बदलतात, पण कल तोच. मॅजेन्टा सायनच्या इतका जवळ आला की कागदावर जांभळा दिसतो. त्यात मशीनवर मॅजेन्टा जराशी जास्त सुटली तर वांगीच.

मी पट्टीचा रंग आरजीबीतून येऊच देत नाही. सरळ सीएमवायकेमध्ये आकडे लिहिते: सायन १००, मॅजेन्टा ६५ ते ७०, पिवळा शून्य, गर्द हवा असेल तर काळा १० ते २०. मॅजेन्टा सायनपेक्षा निदान ३० ने खाली, ही माझी सवय आहे आणि तिने मला क्वचितच दगा दिला. स्क्रीनवर हा निळा तुम्हाला मंद वाटेल. भडक निळ्याशी तुलना करू नका. छापील शेड कार्ड शेजारी ठेवून त्याच्याशी करा. तोच झगझगीत निळा पाहिजेच असेल, उदाहरणार्थ एखाद्या बोधचिन्हाचा, तर तयार मिसळलेली स्पॉट शाई घ्यावी लागते, म्हणजे पाचवी प्लेट आणि जास्तीचा खर्च.

सीएमवायके म्हणजे शाईचं प्रमाण आहे, रंग नव्हे. ७० टक्के सायन चकचकीत आर्ट पेपरवर वेगळा दिसतो आणि बिनकोटिंगच्या कागदावर वेगळा, कारण तिथे शाई आत मुरते आणि ठिपका पसरतो. ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ६५ च्या आसपास गडद दिसणं हे नेहमीचंच आहे. याला डॉट गेन म्हणतात. कुठल्या मशीनवर, कुठल्या कागदावर, कुठलं प्रमाण कसं दिसेल याची नोंद म्हणजे आयसीसी प्रोफाइल. ही पद्धत ज्या संस्थेच्या नावाने ओळखली जाते, ती आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) १९९३ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन काढली. "सीएमवायके करून द्या" असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कुठल्या प्रोफाइलमध्ये? प्रेसकडून ती फाइल मागून घ्या, सॉफ्टवेअरमध्ये बसवा, आणि सॉफ्ट प्रूफ (छापील रंगाचा स्क्रीनवरचा अंदाज) चालू करून काम करा. आणि फोटोची आरजीबी मूळ प्रत जपून ठेवा. सीएमवायकेमध्ये गेलेले उजळ रंग परत आरजीबी केल्याने परत येत नाहीत.

काळ्या अक्षरांवर जरा थांबते, कारण तुमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं आहे. तुम्ही मजकूर आरजीबीत काळा केला होता, ०-०-०. मग सगळ्या फाइलचा मोड एकदम बदललात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो काळा म्हणजे 'शक्य तितका गडद' रंग, म्हणून त्याने चारही शाया ओतल्या. एका नेहमीच्या सेटिंगमध्ये हे आकडे सायन ७५, मॅजेन्टा ६८, पिवळा ६७, काळा ९० असे येतात, बेरीज बरोबर ३००. म्हणजे तुमचा एक बारीक 'र' चार प्लेटांनी चार वेळा छापला गेला, आणि चौघांनी एकाच जागी अचूक पडायला हवं होतं. कागद मशीनमधून जाताना ओलसर होतो, ताणला जातो. दहावा भाग मिलिमीटर इकडेतिकडे होणं चांगल्या मशीनवरही घडतं. मोठ्या शीर्षकात ते कळत नाही. पण अक्षराची रेघच पाव मिलिमीटरची असेल तर एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला निळसर धार दिसते.

घरात भिंग असेल तर आत्ता पोस्टरवर लावून बघा. तुमच्या अक्षरांच्या कडेला रंगीत ठिपके दिसतील. मग कुठलंही बऱ्यापैकी छापलेलं पुस्तक उघडून त्यातलं अक्षर बघा: एकसंध काळं, कडा कापल्यासारखी. तिथे फक्त काळी प्लेट आहे. मजकुराला हाच नियम: काळा १००, बाकी तिन्ही शून्य, आणि ओव्हरप्रिंट चालू, म्हणजे खालचा फोटो अक्षराच्या आकारात कोरला जात नाही आणि रजिस्टर (प्लेटांची एकमेकींवरची जुळणी) हलला तरी पांढरी फट दिसत नाही.

मात्र ओव्हरप्रिंट पांढऱ्या अक्षरांना चुकूनही लागू देऊ नका. पांढरी म्हणून शाईच नसते. पांढरा म्हणजे खालची शाई काढून टाकून उघडा ठेवलेला कागद. मी नवीन असताना काळं बोधचिन्ह कॉपी करून पांढरं केलं, ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. स्क्रीनवर पांढरं दिसत होतं. छापून आलेल्या मुखपृष्ठावर ते चिन्ह नव्हतंच, नुसता सलग तांबडा रंग. सगळा गठ्ठा पुन्हा छापावा लागला. तेव्हापासून पीडीएफ उघडल्यावर ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू आणि चारही प्लेटा एकेक करून बघितल्याशिवाय मी फाइल सोडत नाही. तुम्हीही सेपरेशन प्रीव्ह्यू (प्रत्येक प्लेट वेगळी दाखवणारी खिडकी) उघडा आणि काळी सोडून बाकी तीन प्लेटा चालू ठेवा. काळा मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर बरोबर. पुसट जरी दिसला तरी तो चार रंगांत आहे.

मोठ्या काळ्या भागाचं वेगळं. तिथे नुसता काळा १०० करडा, धुतल्यासारखा दिसतो, म्हणून खाली ४०-५० टक्के सायन देतात. पण चारही शायांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० ते ३३० च्या पुढे आणि वर्तमानपत्राच्या कागदावर साधारण २४० च्या पुढे जाऊ देऊ नये. शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडेही बघा. रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद रंगात कागद उघडा ठेवून काढलेल्या अक्षरांत, शाई चहूबाजूंनी घुसते. देवनागरीत आधी अनुस्वाराचा ठिपका बुजतो, मग रफार, मग 'ष'च्या पोटातली रेघ. म्हणून रिव्हर्स मजकूर १० पॉइंटांपेक्षा लहान नको, आणि फाँट मध्यम जाडीचा घ्या, सडपातळ नको.

तुम्ही सगळं पोस्टर फोटोच्या सॉफ्टवेअरमध्येच केलंत आणि जेपेग दिलंत, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. मग अक्षरंही पिक्सेलांची झाली आणि फोटोबरोबर तीही फुटली. फोटोला ३०० पुरतात, पण अक्षराच्या तीक्ष्ण कडेला पिक्सेलांत १२०० च्या आसपास लागतात. त्यापेक्षा मजकूर व्हेक्टरच ठेवा. व्हेक्टर म्हणजे आकाराचं गणित. ते प्लेटच्या २४०० बिंदूंवर थेट उतरतं, कितीही मोठं केलं तरी. फोटो फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट करा, पान डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा, आणि पीडीएफ द्या, फाँट एम्बेड करून. प्रेस जुन्या फाँटांना घाबरत असेल तर मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) द्या, पण कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे ठेवा, नाहीतर एक वेलांटी सुधारायची म्हटली तरी सगळं पुन्हा टाइप करायला लागेल.

पीडीएफचा प्रकार प्रेसवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीने काम करणारे पीडीएफ-एक्स-१ए मागतात. त्यात आरजीबी आणि जिवंत ट्रान्सपरन्सी (न मिसळलेले पारदर्शक थर) चालत नाही. नवी यंत्रणा असेल तर एक्स-४ घेतात, त्यात दोन्ही चालतं आणि फोटो आरजीबीत ठेवून प्रोफाइलसह देता येतो. डिजिटल प्रेसवर कमी प्रती काढणार असाल तर काही ठिकाणी आरजीबी फोटो दिलेलाच बरा, कारण त्या मशीनचा रंगांचा आवाका ऑफसेटपेक्षा मोठा असू शकतो आणि रूपांतर त्यांचं त्यांना चांगलं करता येतं. यात माझ्या उत्तरापेक्षा तुमच्या प्रेसचं उत्तर खरं धरा. कामाला लागण्याआधी त्यांना एवढं विचारा: कागद कोणता, स्क्रीन किती, प्रोफाइल कोणतं, ब्लीड किती, पीडीएफ कुठली.

पोस्टर पुन्हा लावून झालं की त्याच कागदावरचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मागा आणि ते पिवळ्या दिव्याखाली बघू नका. छपाईत रंग तपासायला ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात. तो नसेल तर दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी धरा. स्क्रीनची ब्राइटनेस शंभरावर असेल तर ती शेजारच्या पांढऱ्या कागदाइतकीच उजळ दिसेपर्यंत खाली आणा आणि मगच दोन्ही ताडून बघा. प्रूफवर पट्टी तरीही जांभळट वाटली तर मॅजेन्टा आणखी पाच-सात टक्के कमी करा आणि तेवढ्या पट्टीचं प्रूफ पुन्हा काढून घ्या. प्लेट निघाल्यावर हाच बदल करायचा ठरला तर मॅजेन्टाची प्लेट नव्याने काढावी लागते, आणि तोवर मशीन थांबून राहतं.